गिऱ्हाइकाची वही आधी : चिपची यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

इंदूरच्या पलासिया चौकाच्या आसपास, आग्रा-मुंबई रस्त्यालगतच्या इमारतींत शेअर दलालांची जी ऑफिसं आहेत, तिथे गेली काही वर्षं एक प्रश्न हमखास कानावर येतो : सेमीकंडक्टरमध्ये काय घ्यावं? प्रश्न रास्त आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यानंतर साणंदला मायक्रॉन आली, धोलेऱ्याला टाटांचा ९१,००० कोटींचा कारखाना ठरला, आसामात जागीरोडला चिपच्या जोडणी-तपासणीच्या कारखान्याचं बांधकाम सुरू झालं. वर्तमानपत्रात रोज एक बातमी असताना बचत करणाऱ्या माणसाला आपणही यात असावं असं वाटलं तर नवल नाही. अडचण एवढीच की या प्रश्नाला बहुधा एखाद्या कंपनीचं नाव हेच उत्तर मिळतं आणि नाव मिळालं की अभ्यास थांबतो.

हे पुस्तक त्या थांबलेल्या जागेपासून पुढे जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. इथे यायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही, सी.ए. असण्याचीही गरज नाही. सोयाबीनच्या व्यापारात आयुष्य गेलेल्या माणसाला तेजी-मंदीची जाण आहे, पीथमपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्याला यंत्राच्या सुट्या भागांचा आणि देखभालीच्या कराराचा खर्च ठाऊक आहे, पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला प्रकाशाच्या तरंगलांबीचा अर्थ सांगावा लागत नाही. या विषयात तिन्ही प्रकारचं ज्ञान लागतं आणि एकाच माणसाकडे ते क्वचित असतं. म्हणून चार-पाच जणांनी मिळून वाचावं, असा माझा आग्रह आहे.

आधी कुंपण घालून घेऊ. चिप बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, आणि चिप बनवण्याची यंत्रं विकणाऱ्या वेगळ्या. आपला विषय दुसऱ्या गटाचा. जगात या गटात पाच मोठी नावं आहेत. नेदरलँड्समधली एएसएमएल वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, प्रकाशाने नक्षी उमटवणारी यंत्रं बनवते. अमेरिकेतल्या अप्लाइड मटेरियल्स आणि लॅम रिसर्च मुख्यतः वेफरवर पातळ थर चढवण्याची आणि नको तो भाग कोरून काढण्याची यंत्रं बनवतात. जपानची टोक्यो इलेक्ट्रॉन या दोन्ही कामांत आहेच, शिवाय वेफरवर प्रकाशसंवेदी लेप देणाऱ्या यंत्रांत तिचा हात कोणी धरू शकत नाही. केएलए ही अमेरिकन कंपनी दोष शोधणारी आणि मापं घेणारी यंत्रं विकते. २०२४ मध्ये जगभरात अशी सुमारे ११,७०० कोटी डॉलरची यंत्रं विकली गेली.

यातल्या सर्वांत अवघड यंत्राचं विज्ञान इंदूरकरांना परकं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, राऊच्या बाजूला, राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. सागरला जन्मलेले डॉ. दिलीप देवीदास भवाळकर हे त्याचे संस्थापक-संचालक. भारतात लेसरची विद्या रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव अग्रभागी, २००० साली त्यांना पद्मश्री मिळाली. या केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर प्रकाश देणारी कणत्वरक यंत्रं, आहेत. इंडस-१ वरच्या परावर्तन मोजणाऱ्या बीमलाइनवर बहुस्तरीय आरशांची परीक्षा होते, आणि इंडस-२ वर क्ष-किरणांनी नक्षी उमटवण्यासाठी वेगळी बीमलाइन आहे. ते सर्वांत अवघड यंत्र म्हणजे एएसएमएलचं ईयूव्ही (अतितीव्र अतिनील प्रकाशाचं) यंत्र, आणि त्याचा जीव अशाच बहुस्तरीय आरशांत आहे.

ते यंत्र जरा जवळून पाहू, कारण कंपनीची किंमत ठरवताना हा तपशील उपयोगी पडतो. प्रकाशाची तरंगलांबी इथे १३.५ नॅनोमीटर असते. हा प्रकाश हवेत शोषला जातो, काचेतही शोषला जातो, म्हणून सगळं काम निर्वातात चालतं आणि भिंगांऐवजी आरसे लागतात. आरशावर मॉलिब्डेनम आणि सिलिकॉन यांचे एकाआड एक थर असतात. एक जोडी जेमतेम सात नॅनोमीटरची, आणि अशा सुमारे चाळीस जोड्या. इतकं करूनही एक आरसा ७० टक्क्यांच्या आसपासच प्रकाश परत पाठवतो. दहा-अकरा आरसे ओलांडेपर्यंत उगमाच्या प्रकाशातला दोन-तीन टक्केच वेफरवर पोचतो. मग उगमच प्रचंड हवा. त्यासाठी वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५०,००० या वेगाने सोडतात आणि प्रत्येक थेंबावर लेसरचा आधी एक हलका आणि मग एक जोरदार मारा करतात. लेसर जर्मनीतल्या ट्रुम्फचा, आरसे झाइसचे.

गुंतवणूकदाराने यातून काय घ्यायचं? पहिली गोष्ट, हे यंत्र दुसरं कोणीही विकत नाही, आणि पैसा ओतला तरी पाच वर्षांत विकू लागेल अशी शक्यता दिसत नाही. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची : एएसएमएल स्वतःही मनात येईल तेवढी यंत्रं बनवू शकत नाही, कारण आरशांचा पुरवठा एकाच घरातून होतो. म्हणूनच २०१६ साली तिने झाइसच्या आरसे बनवणाऱ्या शाखेतला २४.९ टक्के हिस्सा १०० कोटी युरो देऊन घेतला. उगमाचा प्रकाश बनवणारी सायमर तर २०१३ सालीच पूर्ण विकत घेतली होती. आणि त्याआधी, २०१२ साली, इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या तीन गिऱ्हाइकांनी मिळून एएसएमएलचा २३ टक्के हिस्सा घेतला आणि संशोधनासाठी वेगळे पैसे दिले. ईयूव्हीने घाऊक उत्पादन सुरू व्हायला त्यानंतरही २०१९ उजाडलं. यंत्र तयार नसताना गिऱ्हाइकाने विकणाऱ्याच्या भांडवलात पैसे घालावेत, असं दुसऱ्या कोणत्या धंद्यात एवढ्या मोठ्या प्रमाणावर झाल्याचं मला आठवत नाही.

इथूनच या पुस्तकाचं मुख्य म्हणणं सुरू होतं. यंत्र विकणाऱ्याचा ताळेबंद उघडण्याआधी यंत्र घेणाऱ्याची वही वाचा. या पाच कंपन्यांची मोठी गिऱ्हाइकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत : तैवानची टीएसएमसी, कोरियातल्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेतल्या इंटेल आणि मायक्रॉन, आणि चीनमधले कारखाने. यातल्या एकाने पुढच्या वर्षीचा भांडवली खर्च आवळला, की विकणाऱ्याकडे कितीही हुशार माणसं असली तरी त्या वर्षीची विक्री पडते. टीएसएमसी दर जानेवारीत येत्या वर्षाचा भांडवली खर्च जाहीर करते. २०२४ मध्ये तो ३,००० कोटी डॉलरच्या जरा आत होता. जानेवारी २०२५ मध्ये तिने ३,८०० ते ४,२०० कोटी सांगितला. त्या एका वाक्यात पाचही यंत्रविक्रेत्यांच्या वर्षाचा मोठा भाग लिहिलेला होता.

माळव्यात सोयाबीनची सॉल्व्हंट प्लँट उभी राहिली तो काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चटकन कळेल. तेल आणि डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) यांतून मार्जिन सुटत होतं तोवर गावोगाव प्लँट निघाले आणि मशिनरीवाल्यांच्या ऑर्डरी संपत नव्हत्या. गाळपाची क्षमता सोयाबीनच्या आवकीपेक्षा कितीतरी पुढे गेली, आणि नवा प्लँट टाकायचं कोणाच्या मनातही येईना. तेल खाणारे कमी झाले नव्हते, लोक रोज तेल खातच होते; नव्या मशिनरीची गरज मात्र संपली होती. चिपचा खप आणि चिपच्या यंत्रांचा खप यांत हेच अंतर आहे. खपाची वाढ थोडी मंदावली तरी नव्या क्षमतेची गरज एकदम शून्यावर येऊ शकते.

आकड्यांत पाहायचं तर लॅम रिसर्च घ्या. तिचं आर्थिक वर्ष जूनअखेर संपतं. २००८ च्या वर्षात तिची विक्री सुमारे २४७ कोटी डॉलर होती. २००९ मध्ये ती ११२ कोटींवर आली आणि नफ्याच्या जागी ३० कोटींचा तोटा झाला. २०१० मध्ये विक्री परत २१३ कोटी. या तीन वर्षांत लॅमची यंत्रं वाईट झाली नव्हती, नंतर अचानक सुधारलीही नव्हती. गिऱ्हाइकांनी हात आखडला आणि पुन्हा सोडला, एवढंच घडलं.

आता जून २००८ मध्ये उभे राहून त्या शेअरकडे पाहा. सरलेल्या वर्षाच्या नफ्याच्या सुमारे दहा पट भावात तो मिळत होता. कोणत्याही पाठ्यपुस्तकाप्रमाणे हा भाव स्वस्त. पुढच्या काही महिन्यांत तो अर्ध्यावर आला. उलट जून २००९ मध्ये पटच काढता येत नव्हती, कारण नफाच नव्हता. आणि घ्यायची वेळ होती ती तेव्हा. भाव-नफ्याचं गुणोत्तर या धंद्यात सर्वांत खाली असतं ते बहुधा नफा शिखरावर असताना. म्हणून पुढच्या प्रकरणांत आम्ही एका वर्षाचा नफा कुठेही वापरलेला नाही. एका मंदीपासून पुढच्या मंदीपर्यंतची सगळी वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी विक्री आणि सरासरी मार्जिन काढायचं आणि त्यावर भाव तोलायचा. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला दोन-तीन संध्याकाळी लागतात, आणि माझ्या मते एवढं केल्याशिवाय कोणी या शेअरला हात लावू नये.

तेजीत घेतलेल्या चांगल्या कंपनीची किंमतही फार मोजावी लागते. अप्लाइड मटेरियल्सची विक्री २००० च्या आर्थिक वर्षात ९५६ कोटी डॉलर होती, २००३ मध्ये ४४८ कोटी. कंपनी टिकली, वाढली, २०२४ मध्ये तिची विक्री २,७०० कोटी डॉलरच्या वर गेली. पण २००० च्या शिखरावर ज्याने शेअर घेतला, त्याला आपला भाव परत दिसायला २०१७ उजाडलं. कंपनीची निवड बरोबर होती, आणि सतरा वर्षं गेली.

चक्राची गोष्ट इतकी लांबवली, कारण ती समजली की बाकीचं सोपं जातं. एक दिवस मात्र नीट पाहण्यासारखा आहे : १५ ऑक्टोबर २०२४. एएसएमएलचा तिमाही निकाल दुसऱ्या दिवशी यायचा होता, तांत्रिक चुकीने तो आदल्या दिवशीच संकेतस्थळावर दिसला. विक्री सुमारे ७५० कोटी युरो, नफा २१० कोटी. दोन्ही आकडे उत्तम. तरीही शेअर एका दिवसात सुमारे १६ टक्के पडला. निकालात आणखी एक ओळ होती : त्या तिमाहीत आलेल्या नव्या ऑर्डरी २६० कोटी युरोच्या, आणि बाजाराने धरल्या होत्या त्याच्या दुपटीने. शिवाय २०२५ च्या विक्रीचा अंदाज ३,००० ते ३,५०० कोटी युरोंपर्यंत खाली आणलेला. विक्री म्हणजे वर्ष-दीड वर्षापूर्वी घेतलेल्या निर्णयांचं फळ. नवी ऑर्डर म्हणजे गिऱ्हाईक आज काय ठरवतंय ते. ज्यांनी वही वाचायची सवय लावून घेतली होती, त्यांना इंटेल आणि सॅमसंग यांची ओढाताण त्याआधी कित्येक महिने दिसत होती. तिमाही ऑर्डरींचा आकडा २०२६ पासून देणार नाही असं एएसएमएलने पुढे जाहीर केलं. तिचं म्हणणं, तो आकडा उड्या फार मारतो आणि त्यातून धंद्याचं खरं चित्र दिसत नाही. ते खरंही आहे. पण बाहेरून पाहणाऱ्याला आता गिऱ्हाइकांच्या वह्यांवर आणखी जास्त विसंबावं लागेल.

दुसरी मोजण्याची गोष्ट म्हणजे विकून झालेली यंत्रं. कारखान्यात बसलेलं यंत्र वीस-वीस वर्षं चालतं, त्याला सुटे भाग, दुरुस्ती, सुधारणा लागतात. २०२४ मध्ये एएसएमएलच्या २,८३० कोटी युरो विक्रीत अशा सेवेचे ६५० कोटी होते. अप्लाइडच्या २,७०० कोटी डॉलरमध्ये सुमारे ६२० कोटी. दोन्हीकडे प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास. नव्या ऑर्डरी आटल्या तरी हा झरा बहुतेक चालू राहतो, म्हणून मंदीत कंपनी किती खाली जाईल याचा तळ यावरून धरता येतो. पीथमपूरच्या शॉप-फ्लोअरवर काम केलेल्या वाचकांनी या प्रकरणावर हक्काने टीका करावी. माझ्यापेक्षा त्यांना यातलं अधिक कळतं.

यंत्रविक्रेता कायमचा राजा असतो का, हा प्रश्न इंदूरसारख्या गिरण्यांच्या गावात विचारायलाच हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स ही कापडगिरण्यांची यंत्रं बनवणारी जगातली सर्वांत मोठी कंपनी होती. मुंबईच्या गिरण्यांतून तिची यंत्रं धडधडत असत. तिचं गिऱ्हाईक असलेल्या जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी स्वयंचलित माग काढला, आणि १९२९ साली त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याची वेळ याच प्लॅट ब्रदर्सवर आली. त्या व्यवहाराने तोयोदांच्या मोटारीच्या प्रयोगांना बळ दिलं. प्लॅट ब्रदर्स १९८० च्या दशकात बंद झाली, आणि त्याच्या थोडं पुढे, १९९१ मध्ये, इंदूरची हुकुमचंद मिलही. आज चीनमध्ये कोरण्याची आणि थर चढवण्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या सरकारी पाठबळावर वाढत आहेत. कोणत्या यंत्राची नक्कल लवकर होईल आणि कोणत्या यंत्राची होणार नाही, हा फरक ज्याला करता येईल, त्यालाच पाच कंपन्यांना पाच वेगवेगळ्या पटी देता येतील.

चीनचा आणखी एक पैलू आहे. ७ ऑक्टोबर २०२२ ला अमेरिकेने चीनला प्रगत चिप आणि त्यांची यंत्रं देण्यावर कडक निर्बंध घातले. ईयूव्ही यंत्राला तर त्याआधीपासूनच परवाना मिळत नव्हता. निर्बंध अजून वाढतील या भीतीने चिनी कारखान्यांनी मिळतील ती जुन्या पद्धतीची यंत्रं उचलायला सुरुवात केली, इतकी की २०२४ च्या पहिल्या दोन्ही तिमाहींत एएसएमएलच्या यंत्रविक्रीतला ४९ टक्के वाटा चीनचा होता. अशी विक्री नफ्यात पूर्ण धरावी की नाही? मी धरत नाही. धास्तीने केलेली खरेदी ही पुढच्या वर्षांतून उसनी आणलेली असते, आणि ती वजा करूनच सरासरी काढावी.

भारतात या पाच कंपन्यांच्या जातकुळीची एकही कंपनी शेअरबाजारात नोंदलेली नाही. अप्लाइड आणि लॅम यांची मोठी अभियांत्रिकी केंद्रं बंगळुरूला आहेत. आयआयटी मुंबईत अप्लाइडच्या सहकार्याने उभी राहिलेली प्रयोगशाळा आहे. टाटा इलेक्ट्रॉनिक्सने सप्टेंबर २०२४ मध्ये धोलेऱ्यासाठी टोक्यो इलेक्ट्रॉनशी करार केला. नोंदलेल्यांपैकी बंगळुरूची एएसएम टेक्नॉलॉजीज अशा यंत्रांसाठी अभियांत्रिकी आणि सुट्या भागांची जोडणी करते. तिचं नाव नेदरलँड्सच्या एएसएमएलसारखं आणि एएसएम इंटरनॅशनलसारखं वाटतं, संबंध दोघींशीही नाही.

आणि नावावरून भाव कुठवर जाऊ शकतो, याचं उदाहरण आपल्या मुंबईच्या शेअरबाजारात घडलं. आरआरपी सेमीकंडक्टर या कंपनीचा शेअर एप्रिल २०२४ मध्ये वीस रुपयांच्या आत होता. २०२५ संपायच्या आत तो दहा हजारांच्या वर गेला. कंपनीचं आधीचं नाव वेगळं होतं, त्यात सेमीकंडक्टर हा शब्द नव्हता. आपण चिपचं उत्पादन अद्याप सुरू केलेलं नाही, हे कंपनीने स्वतःच बाजाराला लेखी कळवलं, आणि बाजाराने या शेअरचे व्यवहार आठवड्यातून एकदाच करायची मर्यादा घातली. इतका भाव देणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पत्र वाचलं असेल, याचा विचार मनाला बोचतो. पत्र बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतं.

इंदूरला ही चिंता अधिक आहे. शेअरच्या टिप फोनवरून विकणाऱ्यांमुळे आपल्या शहराचं नाव देशभर वाईट अर्थाने पोचलं आहे, आणि सेबीला इथल्या कित्येक सल्लागारांवर कारवाई करावी लागली आहे. २०१३ च्या नियमांपासून पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याला सेबीची नोंदणी सक्तीची आहे, आणि नोंदणी असली तरी परताव्याची हमी देता येत नाही. मराठी-हिंदी घरांतले निवृत्तीचे पैसे अशा फोनवर गेलेले मी पाहिले आहेत. त्या घरांतल्या माणसांना मूर्ख म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांच्या भाषेत वाचायला काही नव्हतं. हे पुस्तक मराठीत लिहिण्याचं ते मोठं कारण आहे.

व्यवहाराचे नियम शेवटच्या प्रकरणात आहेत, पण थोडे इथेच सांगतो. परदेशी शेअरसाठी रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. चोवीस महिन्यांहून अधिक ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. अमेरिकन कंपनीच्या लाभांशातून २५ टक्के तिथेच कापले जातात. टोक्यो इलेक्ट्रॉनचे शेअर टोक्योत शंभराच्या पटीत घ्यावे लागतात, त्यामुळे लहान गुंतवणूकदाराला ते झेपत नाही. विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात माहिती जानेवारी ते डिसेंबर अशी भरायची असते, एप्रिल ते मार्च नव्हे. यात चूक झाली तर दंड मोठा आहे, म्हणून पहिल्या वर्षी सी.ए.ला दाखवूनच भरा.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी दोन कागद काढून ठेवा : लॅम रिसर्चचा २००९ चा वार्षिक अहवाल आणि टीएसएमसीचं अलीकडचं जानेवारीतलं निवेदन. दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात. लॅमच्या अहवालात मोठ्या गिऱ्हाइकांची नावं कुठे छापली आहेत ते शोधा आणि पेन्सिलीने खूण करा. पहिलं प्रकरण त्या पानापासून सुरू होतं.